गाय गाभडली, घरात ताप कुणाला आहे?

गाय गाभडली, म्हणजे दिवस भरायच्या आत वासरू पडलं, की कास्तकार मला फोन करतो. त्याच घरात माणसाला ताप आला तर तो आशाताईला सांगतो, नाहीतर तालुक्याला जाऊन सलाईन लावून येतो. मला कशाला सांगेल? मी ढोरांचा डॉक्टर. गाभडलेल्या गाईची नोंद माझ्या रजिस्टरात होते, तापाची नोंद आरोग्य केंद्राच्या रजिस्टरात. गाईच्या कानात बारा आकडी नंबरचा बिल्ला आहे आणि मालकाच्या खिशात बारा आकडी आधार. गाईसाठी १९६२ लावायचा, माणसासाठी १०८. सगळं कसं व्यवस्थित वेगवेगळं. फक्त जंतूला हे कुणी सांगितलेलं नाही.

मी वर्धा जिल्ह्यात, कारंजा-आर्वीच्या पट्ट्यात नोकरी करतो. एकीकडे संत्र्याचे बगीचे, दुसरीकडे बोरचं जंगल, मधे कपाशी, तूर, सोयाबीन. हा मुळात गवळाऊ गाईचा मुलूख. पांढरी, हलक्या बांध्याची, चपळ गाय. बैल बंडीला जुंपला की पळतो. दूध मात्र बेताचं. त्यामुळे डेअरीच्या गाड्या गावात यायला लागल्या तशा लोकांनी बाहेरून संकरित गाई आणल्या. कुणी बाजारातून, कुणी दलालाकडून, कुणी नात्यातून. गाय घेताना लोक सड पाहतात, दात पाहतात, दूध काढून पाहतात. रक्त कुणी तपासत नाही. तपासायचं असतं हेच माहीत नसतं, आणि विकणारा तर सांगणारच नाही.

आबाजींची गाय अशीच बाजारातून आली होती. (आबाजी म्हणजे कुणीही समजा, आमच्याकडे दर गावात चार तरी आबाजी असतात.) सकाळी फोन आला, "साहेब, गाय गाभडली जी. सातवा चालू होता. जार बी पडली नाई."

गेलो तोवर पोराने हात घालून निम्मी जार, म्हणजे वार, ओढून काढली होती. उघड्या हाताने, कोपरापर्यंत. वासरू पोत्यात गुंडाळून उकिरड्यावर टाकलेलं आणि दोन कुत्री आजूबाजूला घिरट्या घालत होती. आमच्या भागात हे दृश्य इतकं नेहमीचं आहे की कुणाला त्यात वावगं वाटत नाही. मला वाटतं, कारण सहाव्या-सातव्या-आठव्या महिन्यात गाय गाभडली आणि जार अडकली की माझ्या मनात पहिलं नाव येतं ते ब्रुसेलाचं, जनावर गाभडवणाऱ्या आणि माणसाला ताप आणणाऱ्या जंतूचं. दुसरी कारणंही असतात: लेप्टो नावाचा दुसरा जंतू असतो, बुरशी लागलेला चारा असतो, दुसऱ्या गाईची शिंगंही असतात. पण आधी ब्रुसेला नाही ना, हे पाहायचं. गाभडलेलं वासरू, जार आणि नंतर कित्येक दिवस जाणारा स्राव यांत हे जंतू अक्षरशः कोट्यवधींनी असतात. हाताला खरचटलेलं असलं की आत शिरायला त्यांना तेवढंच पुरतं. डोळ्यांतून शिरतात, श्वासातूनही शिरतात.

रक्त घेतलं. रोझ बेंगॉल ही ब्रुसेलाची तपासणी दिसायला फार साधी आहे. काचेच्या पट्टीवर रक्तजलाचा एक थेंब, त्याशेजारी गुलाबी रंगाच्या अँटिजेनचा एक थेंब, काडीने मिसळायचं आणि पट्टी हलवत राहायचं. चार मिनिटांत कळतं. गुलाबी पाणी एकसारखं राहिलं तर ठीक. बारीक बारीक कण जमून दही फाटल्यासारखं दिसलं तर गाय पॉझिटिव्ह. आबाजींच्या गाईचं फाटलं. पक्कं करायला नमुना पुढे पाठवावा लागतो, पाठवला. वरून अहवाल खाली यायला किती वेळ लागतो यावर मी काही लिहीत नाही. जो या नोकरीत आहे त्याला ठाऊक आहे आणि जो नाही त्याला खरं वाटणार नाही.

मग मी एक प्रश्न विचारला. हा प्रश्न माझ्या कुठल्याच फॉर्मवर नाही. "आबाजी, घरात ताप कुणाले आहे?"

हा प्रश्न मला माझ्या एका सहकाऱ्यामुळे सुचला. कालवडींना ब्रुसेलाची लस टोचताना सुई त्याच्याच बोटात गेली. ही लस जिवंत जंतूंची असते. कालवडीला वाचवते, माणसाला आजारी पाडते. पुढे त्याची पाठ धरली, रात्री घामाने गादी भिजायची, आणि तो ज्या ज्या डॉक्टरकडे गेला त्यांपैकी कुणीही "तुम्ही काय काम करता?" एवढं विचारलं नाही. शेवटी त्यानेच सांगितलं, साहेब, मी जनावरांचा डॉक्टर आहे, ब्रुसेला पाहा. तेव्हा निघाला.

आबाजी म्हणाले, "ताप? ह्याच पोट्ट्याले आहे न. महिना होत आला. टायफाइड निघाला म्हनते. इंजेक्शनं चालू आहेत."

पोरगा दारात उभा होता. हात धुतले होते, पण साबणाने नाही. विचारलं तर सगळं जुळत गेलं. सकाळी बरं वाटतं, संध्याकाळी कणकण. रात्री घाम. कंबर धरलेली. भूक नाही. मधे चार दिवस ताप नव्हता, मग परत. आमच्याकडे तापाचं जे प्रस्थ आहे त्यात विडाल नावाची टायफाइडची तपासणी फार लाडकी आहे. ती बऱ्याचदा उगाचच पॉझिटिव्ह येते आणि एकदा टायफाइड हा शब्द कागदावर पडला की पुढे कुणी विचार करत नाही. आता माझा प्रश्न असा, की गाय तर आज गाभडली आणि पोराला ताप महिन्याचा. मग कुठून आला? आबाजींना विचारलं, मागच्या सालात गोठ्यात अजून काही झालं होतं का? तर म्हशीची रेडी आठव्या महिन्यात पडली होती. तेव्हा कुणाला कळवलं नाही. "एखांद्या वेळेस होते न जी असं," हे त्यावरचं उत्तर.

आमच्या आरोग्य केंद्राच्या मॅडम तरुण आहेत, नागपूरच्या. मी चिठ्ठीवर लिहून दिलं: गाय रोझ बेंगॉल पॉझिटिव्ह, याने उघड्या हाताने जार काढली, आधीचाही संपर्क. त्यांनी पोराला सेवाग्रामच्या मेडिकल कॉलेजात पाठवलं. तिथे रक्तात ब्रुसेलाची प्रतिपिंडं भरपूर निघाली. टायफाइडची औषधं बंद, डॉक्सीसायक्लिन आणि रिफाम्पिसिन चालू. सहा आठवडे.

या सहा आठवड्यांवर मी मुद्दाम थांबतो, कारण सगळी लढाई तिथेच हरली जाते. दहा-बारा दिवसांत ताप जातो, माणूस वावरात जायला लागतो, गोळ्या डब्यात राहतात. ब्रुसेला पेशींच्या आत दडून बसणारा जंतू आहे; अर्धवट औषधाने तो निघत नाही, परत उठतो, आणि मग सांधा धरतो, मणका धरतो, पुरुषांचं वृषण सुजतं. रिफाम्पिसिनने लघवी लाल-नारिंगी होते. ती पाहून पोरगा घाबरला आणि त्याने गोळ्या सोडल्याच होत्या. आशाताईने रोज संध्याकाळी जाऊन त्याच्यासमोर गोळी गिळायला लावली. "दादा, मी गोळी मोजून राहिली, पाकिटं मोजून नाई राहिली," असं ती त्याला म्हणायची. टीबीच्या गोळ्या खाऊ घालायची तिला सवय आहे. तीच सवय इथे कामी आली. तिला या कामाचे वेगळे पैसे कुठल्याही यादीत नाहीत.

अजून एक गोष्ट तिनेच काढली. मी गेलो की गोठ्यात पुरुष भेटतात. शिबिर घेतलं की खुर्च्यांवर पुरुष बसतात, लसीचं महत्त्व पुरुष ऐकतात, चहा पुरुष पितात. शेण कोण काढतं? गोठा कोण झाडतं? गाभडलेल्या गाईखालचं सगळं कोण गोळा करतं? आबाजींची सून. ती तेव्हा चौथ्या महिन्यात होती. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि घरच्यांनी सांगावं अशी मी अपेक्षाही धरली नसती. आशाताईच्या वहीत मात्र तिचं नाव गरोदर मातांच्या यादीत होतं. ब्रुसेलामुळे बाईचाही गर्भपात होऊ शकतो. तिचं रक्त तपासलं, ते निगेटिव्ह आलं. त्यानंतर तिने गोठ्यात जायचं नाही असं मॅडमनी सासूला सांगितलं. सासू म्हणाली, मंग शेन कोन काढीन? आबाजींच्या पोराने काढलं. गावात त्यावर महिनाभर विनोद झाले.

माणसाच्या डॉक्टरने जनावराकडे पाहिल्याशिवाय हा रोग कळत नाही, हे काही आम्ही शोधलेलं नाही. माल्टा बेटावर इंग्रजांच्या फौजेला हाच ताप छळत होता. डेव्हिड ब्रूसने १८८७ मध्ये जंतू शोधला, त्याच्या नावावरूनच रोगाला नाव पडलं. पण जंतू येतो कुठून ते पुढे अठरा वर्षं कळलं नाही. पाणी पाहिलं, डास पाहिले, धूळ पाहिली. १९०५ मध्ये तिथल्याच थेमिस्टोक्लिस झामिट या माल्टीज डॉक्टरने बकऱ्यांचं रक्त तपासलं. गुबगुबीत, निरोगी दिसणाऱ्या बकऱ्या. त्या दारोदार फिरवून लोकांसमोर दूध काढून विकत. १९०६ मध्ये फौजेचं बकरीचं दूध बंद केलं आणि ताप झपाट्याने खाली आला. आता २०१९ पासून आपल्याकडे लाळ्या-खुरकूत आणि ब्रुसेलाच्या लसीकरणाचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे. चार ते आठ महिन्यांच्या मादी वासरांना आयुष्यात एकदाच ब्रुसेलाची लस. ती खरोखर उपयोगाची आहे. फक्त कालवड त्या चार महिन्यांच्या खिडकीत असताना आम्ही त्या गावात पोचलो पाहिजे, आणि "लस टोचली की दूध आटते" हे सांगणारा माणूस आमच्या आधी पोचलेला नसला पाहिजे. कालवडीला अजून दूधच नसतं, हे त्याला सांगूनही पटत नाही.

या सगळ्यानंतर आम्ही काय केलं म्हणाल, तर फार मोठं काही नाही. समिती नाही, बॅनर नाही. मॅडमनी आशाताईंना सांगितलं, दोन आठवड्यांपेक्षा जास्त ताप राहिला की एक प्रश्न जास्त विचारायचा: घरी जनावर गाभडलं का? मी माझ्या हाताखालच्या पर्यवेक्षकांना सांगितलं, गाभडलं की विचारायचं: ताप कुणाला? आणि तिसरा माणूस आम्हांला अपघाताने सापडला, दूध संकलन केंद्रावरचा पोरगा. त्याच्याकडे वही असते. कुणाचं किती लिटर, फॅट किती. एखाद्याचं दूध अचानक बंद झालं की तो शेजारी बारीक अक्षरात कारण लिहितो, कारण डेअरीचा साहेब त्याला विचारतो. "आटली." "विकली." "गाभडली." "मेली." ही वही मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला माझ्या रजिस्टरची लाज वाटली. माझ्याकडे कळवलेलं येतं, त्याच्याकडे घडलेलं येतं, आणि रोज दोन वेळा येतं.

आता म्हशीचं सांगतो, कारण दोन खात्यांनी एकत्र बसणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी जास्त कळलं.

एका गावात म्हैस ओरडायला लागली. घोगरा, फाटका आवाज. तोंडातून लाळ. खात नाही, पाणी पीत नाही. अशा जनावराच्या घशात काहीतरी अडकलंय असंच कुणालाही वाटतं, आणि आपल्याकडे प्रत्येक गावात घशात हात घालून ते काढणारे दोन-तीन जाणते असतात. त्यांनी हात घातले. काही सापडलं नाही. दुसऱ्या दिवशी म्हैस भिंतीला धडका द्यायला लागली आणि तिसऱ्या दिवशी मेली. मग आठवलं, काही आठवड्यांपूर्वी पिसाळलेल्या कुत्र्याने ढोरांत गोंधळ घातला होता. आणि मग सर्वांना एकदम आठवलं, की त्याच म्हशीच्या दुधाचा मठ्ठा तेराव्याच्या पंगतीत वाढला होता.

सकाळी आरोग्य केंद्रापुढे अख्खं गाव. म्हातारे, पोरंसोरं, पाहुणे म्हणून आलेले शेजारच्या गावचे. सगळ्यांना इंजेक्शन हवं. लस मोजकीच. मॅडमनी मला फोन केला, "सर, तुम्ही या. हे माझं ऐकत नाहीयेत."

मारुतीच्या पारावर बसलो दोघं. गर्दीला मी सांगायचं म्हशीचं, मॅडमनी सांगायचं माणसाचं. दूध तापवून विरजण लावलं होतं ना? लावलं होतं. मग रेबीजचा विषाणू उकळीत मरतो, मठ्ठ्यातून कुणाला काही होत नाही. उकळलेल्या दुधाने रेबीज झाल्याचं उदाहरण नाही. पण सांगण्यापेक्षा विचारण्यात वेळ गेला. तोंडात हात कुणी घातला? पाणी पाजताना लाळ कुणाच्या हातावर पडली? तेव्हा हाताला चीर, जखम, काटा रुतलेला होता का? कपाशी वेचण्याचे दिवस होते. बोंडाच्या टोकांनी बोटं सोलवटलेली नाहीत असा हात त्या गर्दीत क्वचितच असेल. पारावरच एकेकाचे हात उलटेसुलटे करून पाहिले. ज्यांनी तोंडात हात घातले होते आणि ज्यांच्या बोटांना जखमा होत्या त्यांना लस आणि जखमेत सीरम, दोन्ही. दूध कच्चं चाखून पाहायची सवय असलेली एक म्हातारी होती, तिलाही लस दिली. बाकी गाव घरी गेलं. कुरकुरत गेलं, पण गेलं. लस ज्यांना लागत होती त्यांना पुरली.

एकट्या मॅडमनी "तुम्हाला गरज नाही" म्हटलं असतं तर लोकांना वाटलं असतं, लस संपली म्हणून सांगतेय. एकटा मी बोललो असतो तर म्हणाले असते, ढोरांचा डॉक्टर माणसाचं काय सांगतो. दोघं एका पारावर, एकच बोलतोय म्हटल्यावर ऐकलं. त्या कळपातल्या चावा बसलेल्या बाकीच्या जनावरांनाही लसीचे डोस देता येतात, तेही त्याच पारावर ठरलं. पैसे मालकांनी काढले.

कुत्र्यांचा विषय निघाला की गावात दोन तट पडतात आणि दोन्ही तावातावाने बोलतात. मला एवढंच दिसतं, की परिसरातल्या सत्तर टक्के कुत्र्यांना लस टोचली तर रेबीजची साखळी तुटते. हे जगभर सिद्ध झालेलं आहे, आणि देशाने २०३० पर्यंत कुत्र्यांपासून होणारा रेबीज संपवायचं ठरवलंही आहे. कुत्र्यांची जबाबदारी नियमाने स्थानिक संस्थेची, म्हणजे आमच्या ग्रामपंचायतीची, जिच्याकडे दिवाबत्तीचं बिल भरायला पैसे नसतात. मग कुत्री पोसली कशावर जातात? गावाबाहेर टाकलेल्या मेलेल्या ढोरांवर. माझ्या लहानपणी ढोर टाकलं की गिधाडं उतरायची, संध्याकाळी हाडं उरायची. जनावरांना दुखण्यासाठी टोचलेलं डायक्लोफेनॅक त्या गिधाडांच्या मूत्रपिंडांत गेलं आणि ती संपली. जनावरांसाठी ते औषध २००६ मध्ये बंद झालं, तोवर उशीर झाला होता. जागा रिकामी झाली, ती कुत्र्यांनी घेतली. औषध पशुवैद्यकाचं, पक्षी वनखात्याचा, कुत्रं ग्रामपंचायतीचं, चावा आरोग्य खात्याचा. फाईल कुणाची?

विदर्भाला हे नवं नाही खरं तर. १९६५ मध्ये तापाच्या रुग्णांच्या रक्तात पुण्याच्या शास्त्रज्ञांना एक नवा विषाणू सापडला. नागपूरजवळच्या चांदीपुरा गावाचं नाव त्याला दिलं, आणि आजही गुजरातेत पोरं दगावली तरी नाव आमच्याच गावाचं छापून येतं. तो पसरवते बारीकशी वालुमाशी. ती राहते मातीच्या भिंतींच्या भेगांत, गोठ्याच्या ओलसर कोपऱ्यांत. एकदा आमच्याकडे फवारणीची टोळी आली, घरं फवारली, गोठ्याशी आली तर मालक आडवा. दुभतं जनावर आहे, औषध मारायचं नाही. टोळीने घर फवारल्याची खूण केली आणि पुढे गेली. मी तिथे असतो तर गाई दोन तास बाहेर बांधा म्हणून समजावलं असतं, पण फवारणी आहे हे मला कोण कळवणार?

२०१८ च्या पावसाळ्यात नागपुरात आणि आसपास स्क्रब टायफसने माणसं दगावली. तो गवतातल्या सूक्ष्म किड्यांच्या पिल्लांपासून होतो, त्यांना उंदीर पोसतात. काखेत, जांघेत, कंबरपट्ट्याखाली काळी खपली दिसते. ती पाहायला माणसाचे कपडे काढून तपासावं लागतं, आणि त्यावरचं डॉक्सीसायक्लिन अगदी स्वस्तात मिळतं. आमच्याकडे बांधावरचं गवत कापून ढोरांना आणणाऱ्या बायकांना तो होतो. काखेतली खपली त्या डॉक्टरला दाखवत नाहीत, आशाताईला दाखवतात. परत आशाताई.

आणि २०२४ च्या डिसेंबरात नागपूरच्या गोरेवाडा वन्यप्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट मेला. भोपाळच्या प्रयोगशाळेने बर्ड फ्लू सांगितला. त्या आठवड्यात वनखातं, पशुसंवर्धन आणि आरोग्य यांचे अधिकारी एकमेकांचे नंबर शोधत होते. वाघासाठी एवढी धावपळ होते याचा मला राग नाही. उलट बरं वाटलं. ११ डिसेंबर २०२२ ला नागपुरात राष्ट्रीय वन हेल्थ संस्थेची पायाभरणी झाली, तेव्हाही बरं वाटलं. माणूस, जनावर आणि परिसर यांचं आरोग्य एकत्र पाहणारी संस्था, आणि ती आमच्या अंगणात. माझी मागणी एकच आहे: तिथे जे कळेल ते वाकून गोठ्यापर्यंत आलं पाहिजे, आणि गोठ्यातलं जे कळतं ते वर चढलं पाहिजे. सध्या ते दूध संकलन केंद्राच्या वहीत अडकतं.

कळल्यावर पुढे काय, हा प्रश्न मात्र अजून माझ्या गळ्यात आहे. बर्ड फ्लूत कोंबड्या मारल्या तर सरकार भरपाई देतं. ब्रुसेलाची गाय मरत नाही. बहुतेक गाई एकदाच गाभडतात, पुढे गाभण राहतात, वितात, दूधही देतात, बाहेरून ठणठणीत. २०१५ पासून राज्यात गोवंश हत्याबंदी आहे, त्यामुळे विलायतेत करतात तसं पॉझिटिव्ह जनावर कळपातून कायमचं काढायची वाट इथे नाही. कायद्याने मालकाने रोग कळवायचा असतो. कळवून त्याला मिळतं काय? गावभर नाव. मग तो शहाण्यासारखा मंगळवारी बाजारात गाय नेतो, आणि ती तिसऱ्या तालुक्यातल्या दुसऱ्या एखाद्या आबाजींच्या गोठ्यात जाते. आमच्या दोघांच्या रजिस्टरात तिचं नाव असतं, तिथल्या कुणाच्याच नसतं.

आबाजीही विकायलाच निघाले होते. "तुमीच सांगतलं न साहेब, खराब आहे मनून. मंग ठेवू कायले?"

म्हटलं, ठेवा, कारण ती परत गाभण आहे आणि या खेपेला कदाचित पूर्ण दिवस भरतील. दूध डेअरीला घाला, तिथे तापवतात, जंतू मरतो. घरी उकळल्याशिवाय थेंब नको. विताना वेगळी बांधा, हातमोजे मी देतो, जार कुत्र्याला नाही, खोल खड्ड्यात चुना टाकून. आता बाजारात दलाल पाडून मागेल त्या पैशापेक्षा दोन वेतांचं दूध जास्त होतं. हिशेब त्यांच्याच पोराने मोबाइलवर करून दाखवला.

"अन् कालवड झाली तं?"

"चौथा महिना लागला की टोचू."

"अन् गोऱ्हा झाला तं?"

यावर सून आतून हसली.

तर गाय अजून गोठ्यात आहे, सहावा संपत आलाय. काळ्या मातीत पावसात खड्डा खणला की पाण्याने भरतो, म्हणून आत्ताच खणून ठेवला. चुन्याची दोन पोती लागतील. माझ्या खात्यात चुन्यासाठी खर्चाचं हेड नाही. मॅडमच्या केंद्राला निधी आहे, पण गाईच्या जारेसाठी चुना घेतला तर ऑडिटवाला काय म्हणेल म्हणून त्या कचरतात. ग्रामसेवकाकडे गेलो. त्याने सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाला, "पानीपुरवठ्यात ब्लिचिंग पावडरचं बिल लागतेच जी दर महिन्याले. त्यातच बसवतो तुमचा चुना. पन पावतीवर गाय लिहू नका."